वाक्याआधीची चांदणी

भाषाविज्ञानाच्या एम.ए.चा दुसरा की तिसरा आठवडा असेल. वाक्यविन्यासाच्या तासाला सरांनी एक काम दिलं. आपापल्या भाषेतली भूतकाळातली दहा वाक्यं लिहायची. जी वाक्यं कुणी बोलेल ती तशीच ठेवायची. जी त्या भाषेत होऊच शकत नाहीत, त्यांच्याआधी एक चांदणी काढायची. या शास्त्रात ही खूण जगभर चालते. चांदणी असली की समजायचं, हे वाक्य व्याकरणात बसत नाही.

मी अर्थातच मराठी घेतली. ‘तू गोष्ट सांगितलीस’ लिहिलं. त्याखाली ‘त्याने गोष्ट सांगितली’. मग, ‘त्याने’ असताना क्रियापदाच्या शेवटी काहीच जोडता येत नाही हे दाखवायला मुद्दाम एकेक अक्षर लावून पाहिलं. ‘त्याने गोष्ट सांगितलीस’ला चांदणी. ‘त्याने गोष्ट सांगितलीत’ला चांदणी. ‘त्याने गोष्ट सांगितलीन’ला चांदणी. मराठी माझी मातृभाषा, जन्मभर हीच बोलत आले. पेन एकदाही अडखळलं नाही.

शेजारच्या मैत्रिणीनं वही ओढून घेतली. शेवटच्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाली, “अगं, याला चांदणी का दिलीस? माझी आजी असंच बोलते.”

सर आमच्या बाकाशी आले. मला वाटलं, आता ते निकाल देतील. त्यांनी वाक्यं वाचली, थोडा वेळ नुसते उभे राहिले आणि मला म्हणाले, “चांदणी काढलीस की शेजारी ती कोणाची तेही लिहीत जा.”

पीएचडीला जायचं म्हणून एम.ए.ला आलेली मुलं-मुली मला हल्ली विचारतात की तयारी कशी करावी. वाचायच्या पुस्तकांची यादी मी देते, पण मनात तो तास असतो. एम.ए.ला येताना माझी कल्पना अशी होती की दोन वर्षं सिद्धान्त साठवायचे आणि पीएचडीला ते वापरायचे. प्रत्यक्षात त्या दोन वर्षांचा मोठा भाग मला येत असलेली भाषा मला येत नाही, हे कळण्यात गेला. हे कळणं सुखाचं नव्हतं. पण त्याशिवाय संशोधनाला बसले असते तर चार-पाच वर्षं मी माझ्याच कानाचा प्रबंध लिहिला असता.

ते वाक्य आधी नीट बघू, कारण माझं सगळं पुढचं त्यातून निघालं. ‘तू गोष्ट सांगितलीस.’ यातलं क्रियापद एकाच वेळी दोघांकडे बघतं. ‘ली’ गोष्टीमुळे आली, कारण गोष्ट स्त्रीलिंगी; तिथे ‘किस्सा’ असता तर ‘सांगितलास’ झालं असतं. शेवटचा ‘स’ मात्र ‘तू’मुळे आला. ‘तुम्ही’ म्हटलं की त्या जागी ‘त’ येतो, ‘सांगितलीत’. म्हणजे कर्माचं लिंग-वचन आणि कर्त्याचा पुरुष, दोन्ही एका क्रियापदावर. आपण दिवसातून शंभरदा हे करतो आणि कुणी बोट ठेवेपर्यंत दिसत नाही. प्रमाण मराठीत ‘मी’ आणि ‘त्याने’ आले की ही शेवटची जागा रिकामी राहते. कोकणातल्या काही बोलींत तृतीय पुरुषासाठी ती जागा भरलेली आहे. ‘त्यानं गोष्ट सांगितलीन’, ‘तिनं काम केलंन’. ‘तू’चा ‘स’, ‘तुम्ही’चा ‘त’, आणि ‘त्यानं’चा ‘न’. मी जिला अशक्य ठरवलं ती रचना माझ्याच नियमाचा एक घर पुढे गेलेला भाग होती. आजीचं व्याकरण माझ्यापेक्षा जास्त भरलेलं होतं.

त्या संध्याकाळी मी वहीतली चांदणी खोडली आणि शेजारी लिहिलं, ‘ही माझी’.

गंमत अशी की दुसऱ्या सत्रात ऐतिहासिक भाषाविज्ञान सुरू झालं आणि तिथे चांदणीचा अर्थच बदलला. तिथे ती अशा रूपांआधी येते जी कुठल्याही शिलालेखात, पोथीत सापडलेली नाहीत. नात्यातल्या भाषांची तुलना करून ‘असं काहीतरी असलंच पाहिजे’ म्हणून जी उभी केलेली असतात. एकोणिसाव्या शतकात जर्मन भाषावैज्ञानिक आउगुस्ट श्लायखर यांनी ही खूण रूढ केली. त्यांनी १८६८ मध्ये तर पुनर्रचित मूळ भाषेत एक छोटी नीतिकथाच लिहिली, मेंढी आणि घोड्यांची. म्हणजे एका तासाला चांदणीचा अर्थ ‘हे कुणी बोलत नाही’, आणि दुसऱ्या तासाला ‘हे कुणीतरी बोललं असलंच पाहिजे’. एकाच खुणेचे हे दोन अर्थ माझ्या डोक्यात अजून शेजारी-शेजारी राहतात, आणि मला ते एकमेकांचे विरोधक वाटत नाहीत. दोन्हीकडे माणूस समोर नसलेल्या बोलण्याविषयी विधान करत असतो. धोका दोन्हीकडे तोच.

त्याच तासांत सोस्यूरची हकीकत ऐकली. फर्दिनां द सोस्यूर हे नाव आपल्याकडे साहित्याच्या विद्यार्थ्यांनाही माहीत असतं, ते मुख्यतः त्यांच्या मृत्यूनंतर १९१६ मध्ये विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून तयार झालेल्या व्याख्यानग्रंथामुळे. पण एकविसाव्या वर्षी, विद्यार्थी असताना, त्यांनी इंडो-युरोपीय भाषांच्या मूळ स्वरव्यवस्थेवर एक निबंध लिहिला होता. संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांतल्या स्वरांचे हिशेब जुळेनात, तेव्हा त्यांनी म्हटलं की मुळात आणखी काही ध्वनी असले पाहिजेत, जे पुढे लोप पावले आणि जाताना शेजारच्या स्वरांवर खुणा ठेवून गेले. एकाही ज्ञात भाषेत ते ध्वनी नव्हते. पुढे हित्ती या आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन भाषेच्या मातीच्या पाट्या वाचल्या गेल्या, १९१५ मध्ये ती इंडो-युरोपीय कुळातली असल्याचं बेद्रिख ह्रोझ्नी यांनी दाखवलं, आणि १९२७ मध्ये येझी कुरिवोविच यांच्या लक्षात आलं की सोस्यूर यांनी जिथे तो हरवलेला ध्वनी मानला होता, तशा जागी हित्तीत एक व्यंजन चक्क लिहिलेलं आहे. सोस्यूर १९१३ मध्येच गेले होते. ही गोष्ट वर्गात सांगितली जाते ती प्रतिभेची म्हणून. मला तिच्यातलं दुसरं काही भावलं. हिशेब जुळत नाही हे त्या मुलानं दडपलं नाही. जुळत नसलेला भाग अपवाद म्हणून तळटीपेत टाकणं किती सोपं असतं, हे लघुप्रबंध लिहिताना मला चांगलंच समजलं.

ध्वनिविज्ञानाचे तास प्रयोगशाळेत व्हायचे. प्रयोगशाळा म्हणजे एक शांत खोली, एक मायक्रोफोन आणि ‘प्रात’ नावाचं सॉफ्टवेअर, जे अॅम्स्टरडॅममधल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलं आणि जे आज जगभरचे ध्वनिविज्ञानाचे विद्यार्थी मोफत वापरतात. पहिल्या दिवशी आपलाच आवाज राखाडी पट्ट्यांत पसरलेला बघितला. ‘पाट’ म्हणताना ओठ उघडल्यावर जवळजवळ लगेच कंठ वाजू लागतो. ‘फाट’मध्ये मध्ये हवेचा एक पट्टा येतो. ‘बाट’मध्ये ओठ उघडण्याआधीच खाली एक बारीक काळी रेघ सुरू झालेली असते, म्हणजे ओठ मिटलेले असतानाच कंठ वाजतो आहे. मी हे आयुष्यभर करत होते. कोणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं.

ओठ उघडणं आणि कंठ वाजणं यांमधलं हे अंतर मोजून भाषांची तुलना करणारा एक प्रसिद्ध अभ्यास ली लिस्कर आणि आर्थर अॅब्रमसन यांनी १९६४ मध्ये प्रकाशित केला. अकरा भाषा त्यात होत्या आणि त्यांतली एक मराठी होती. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला. आपलं गाव नकाशावर सापडल्यासारखा. पण खरी शिकवण पुढे होती. बहुतेक भाषांतले स्फोटक ध्वनी त्या एका मोजमापानं छान वेगळे निघाले. हिंदी आणि मराठीत मात्र ते अपुरं पडलं, कारण आपल्याकडे चार घरं आहेत, प-फ-ब-भ. ‘ब’ आणि ‘भ’ दोन्हींत कंठ आधीच वाजायला लागतो. त्यांतला फरक त्यानंतर येणाऱ्या श्वासमिश्रित घोषात, म्हणजे कंठ वाजत असतानाच सुटणाऱ्या श्वासात आहे आणि तो या पट्टीवर मावत नाही. संशोधकांनी ते स्वच्छ लिहिलं. आमच्या मॅडमनी तो लेख शिकवताना बाकीच्या भाषांवर दहा मिनिटं घालवली आणि या एका अडचणीवर उरलेला तास. “मोजपट्टी जिथे कमी पडते, तिथे खुर्ची टाकून बसा,” असं त्या म्हणाल्या. पीएचडीचा विषय कसा शोधायचा याबद्दल मला मिळालेला हा सगळ्यात उपयोगी सल्ला, आणि तो देताना त्यांच्या मनात पीएचडी नव्हतीही कदाचित.

बाकी अभ्यासक्रमाबद्दल फार लिहीत नाही. स्वनिमविचार, रूपविचार, अर्थविचार, समाजभाषाविज्ञान, थोडी संख्याशास्त्राची ओळख. सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच असतं. संख्याशास्त्र मात्र टाळू नये, एवढं आग्रहानं सांगते. आमच्या वर्गातल्या निम्म्या जणांनी ते ‘पुढे बघू’ म्हणून सोडलं आणि पुढे बघायला वेळ कोणालाच मिळाला नाही. आणि ग्लॉस लिहिण्याची शिस्त. वाक्याखाली एकेक घटक सुटा करून त्याचं नाव लिहायचं, ही रूक्ष वाटणारी सवय हाताला लागली की मोठे दावे करण्याआधी हात आपोआप थांबतो. ‘सांगितलीस’ हा एक शब्द सुटा करून त्याखाली मूळ धातू, काळ, लिंग, वचन, पुरुष असं लिहायला मला पहिल्यांदा अर्धा तास लागला होता.

त्या दिवसांत पाणिनी मला नव्यानं भेटला. शाळेत तो नियमांचा राजा म्हणून ऐकलेला; सुमारे ४००० सूत्रांत एक अख्खी भाषा बांधणारा. एम.ए.त एका परिसंवादासाठी काही सूत्रं वाचायला घेतली तेव्हा दिसलं की हा माणूस जागोजागी ‘उदीचाम्’ म्हणतो, ‘प्राचाम्’ म्हणतो. उत्तरेकडचे असं बोलतात, पूर्वेकडचे तसं. आधीच्या वैयाकरणांपैकी शाकल्याचं मत, शाकटायनाचं मत नावानिशी नोंदवतो. ‘वा’, ‘विभाषा’, ‘अन्यतरस्याम्’ असे विकल्पाचे वेगवेगळे शब्द वापरतो. परंपरेनं हे शब्द समानार्थी मानले होते. भाषावैज्ञानिक पॉल किपार्स्की यांनी १९७९ मध्ये असं मांडलं की पाणिनीच्या मनात त्यांत फरक होता, एकात ‘शक्यतो असं’, दुसऱ्यात ‘शक्यतो असं नको’, तिसऱ्यात ‘कसंही चालेल’. ही मांडणी सगळ्यांना पटली असं नाही, पण ती वाचताना मी माझी वही आठवत होते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या वैयाकरणानं ‘उदीचाम्’ लिहिलं, म्हणजे शेजारी कोणाचं ते लिहिलं. मी नुसती चांदणी काढली होती.

तिसऱ्या सत्रात लघुप्रबंधाचा विषय द्यायचा होता. माझा पहिला कागद होता ‘मराठीतील बोलीभेद: एक अभ्यास’. सरांनी तो परत दिला, समासात एकच शब्द लिहून: ‘कोणता?’ दुसऱ्या कागदावर मी भूतकाळातल्या क्रियारूपांपर्यंत आले. समासात ‘कोणाची?’ तिसऱ्या कागदावर तृतीय पुरुषाचा तो ‘न’. समासात ‘कोणाशी बोलताना?’ मी चिडले होते, खरं सांगायचं तर. मला मोठं काही करायचं होतं आणि हे माझ्या विषयाला सोलत सोलत एका अक्षरावर आणत होते.

मग त्यांनी अमेरिकन भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव यांचा एक लेख वाचायला दिला. हा माणूस आधी उद्योगात रसायनतज्ज्ञ होता. भाषाविज्ञानाचं पदव्युत्तर शिक्षण त्यानं तिशी ओलांडल्यावर सुरू केलं. एम.ए.साठी त्यानं अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळचं मार्थाज व्हिनयर्ड हे बेट घेतलं आणि तिथल्या इंग्रजीतले दोन संयुक्त स्वर, ‘राइट’ आणि ‘हाउस’ या शब्दांतले. बस. बेटावरच्या ६९ जणांच्या मुलाखती घेतल्या. त्या स्वरांचा आरंभ काही लोकांच्या तोंडात जरा वर, मधल्या जागी सरकत होता. हे सरकणं म्हाताऱ्यांत सर्वांत जास्त आणि पोरांत कमी असेल, किंवा उलट, असं कुणालाही वाटावं. पण ते सर्वांत जास्त होतं तिशी-चाळिशीतल्या लोकांत, आणि त्यातही मासेमारी करणाऱ्यांत. उन्हाळ्यात बेटावर येणाऱ्या पर्यटकांचं वजन वाढत होतं. ज्यांना बेट सोडायचं नव्हतं, ज्यांना ते आपलं वाटत होतं, त्यांच्या स्वरांत ते आपलेपण उतरलं होतं, बहुतेकांच्या नकळत. १९६३ मध्ये हा अभ्यास छापून आला. पुढच्याच वर्षी लबॉव यांची न्यू यॉर्कच्या बोलीवरची पीएचडी पूर्ण झाली, आणि समाजभाषाविज्ञान नावाची शाखा आज ज्या रीतीनं चालते त्यातलं बरंच काही या दोन कामांतून आलं.

एम.ए.चा अभ्यास आणि दोन स्वर! लेख संपवून मी सरांकडे गेले आणि म्हटलं, “सर, ‘न’ पुरे आहे.” ते हसले. म्हणाले, “जास्तच आहे. पण सुरू कर.”

मैत्रिणीच्या आजीकडे आम्ही दोघी गेलो. आधी संमतीचा कागद मोठ्यानं वाचून दाखवला: तुमचा आवाज रेकॉर्ड होईल, कशासाठी वापरू, नाव येणार नाही, नको वाटलं तर केव्हाही थांबवता येईल. आजींनी तो लक्ष देऊन ऐकला आणि सही केली. मी रेकॉर्डर सुरू केला, आणि आजी शाळेच्या पुस्तकासारखं बोलू लागल्या. ‘त्यांनी मला सांगितले.’ ‘मी तेथे गेले.’ चाळीस मिनिटं. एकही ‘न’ नाही. मैत्रीण माझ्याकडे बघत होती, मी रेकॉर्डरकडे. लोक कुणी लक्ष देत नसताना कसे बोलतात ते आपल्याला हवं असतं, आणि लक्ष दिल्याशिवाय ते मिळत नाही. लबॉव यांनी या अडचणीला नाव देऊन ठेवलेलं आहे, परीक्षेत मी त्यावर दहा गुणांचं उत्तरही लिहिलं होतं. समोर घडताना ते उत्तर काही कामाला आलं नाही.

मग आजींना बहिणीचा फोन आला. रेकॉर्डर चालूच होता. फोन ठेवल्यावर त्या नातीकडे वळल्या आणि बहिणीच्या घरातली एक भानगड सांगू लागल्या. कुणी काय केलंन, कुणाला काय सांगितलंन, कागद कुठे ठेवलान. ‘न’ नुसते ओघळत होते. त्यात एक वाक्य असं आलं की एकाच वाक्यात एका क्रियापदाला ‘न’ होता आणि लगेच पुढच्याला नव्हता, कर्ता तोच. माझ्या सगळ्या प्रश्नाची किल्ली त्या वाक्यात असावी असं मला तिथल्या तिथे वाटलं.

घरी निघण्याआधी मी त्यांना सांगितलं की हेही रेकॉर्ड झालंय. संमती होतीच, कागदाप्रमाणे मी चुकले नव्हते. तरी सांगितलं. आजी जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “अगो, ते घरातलं बोलणं. तेवढं काढून टाक हो.”

मी काढून टाकलं. पूर्ण, प्रत न ठेवता. परतताना मैत्रीण म्हणाली की नावं बदलून ठेवलं असतं तर आजीला कळलंही नसतं. खरं होतं ते. त्या रात्री मला झोप लागली नाही, इतकं ते वाक्य मला हवं होतं. पण ज्यांच्या बोलण्यावर मी एकदा चांदणी काढून बसले होते, त्यांचंच बोलणं त्यांना नको असताना स्वतःकडे ठेवायचं, हे मला जमण्यासारखं नव्हतं. संशोधनाच्या नीतीवर आम्हाला दोन व्याख्यानं झाली होती. मला ती नीती समजली ती डिलीटचं बटण दाबताना.

त्यानंतर चार वेळा गेले. दर वेळी रेकॉर्डर कमी आणि बसणं जास्त. तिसऱ्या भेटीपासून त्या माझ्याशीही ‘न’ लावून बोलू लागल्या आणि पुस्तकी मराठी हळूहळू सुटली. आणखी सहा जणी त्यांच्या ओळखीनं मिळाल्या. अकरा मिनिटांचं एक रेकॉर्डिंग उतरवून त्याचं ग्लॉस लिहायला मला आठवडा लागला. या कामात घाई करणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या नोंदींत बोलणाऱ्याचं अडखळणं, मागे घेतलेले शब्द, अर्धी वाक्यं, सगळं स्वच्छ केलेलं असतं, आणि नेमकं तिथेच भाषा काय करते आहे ते दिसणार असतं.

जुनं काय लिहिलं गेलंय ते शोधणं त्याच महिन्यांत चाललं होतं. ब्रिटिश काळातले अधिकारी जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ चा. त्या सर्वेक्षणात प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या कथेचं भाषांतर मागवलेलं असे. तो बापाला म्हणाला, त्याने पैसे उडवले, बापाने त्याला जवळ घेतलं; तृतीय पुरुषी भूतकाळानं भरलेली गोष्ट, माझ्यासाठी सोन्यासारखी. मी ती पानं पुन्हा पुन्हा वाचली. त्याच वेळी जाणवत राहिलं की हे भाषांतर आहे, बहुधा सरकारी वाटेनं आलेलं. यात कुणाला फोन येत नाही. कुणी नातीकडे वळत नाही. झ्यूल ब्लोक यांचा मराठीच्या जडणघडणीवरचा फ्रेंच ग्रंथ १९२० चा. अशोक केळकर यांनी मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर आणि रूपव्यवस्थेवर कॉर्नेल विद्यापीठात पीएचडी केली ती १९५८ मध्ये. ही कामं समोर ठेवली की दोन गोष्टी एकदम होतात. आपल्या आधी किती झालंय ते पाहून माणूस नमतो. आणि या सगळ्यांनी दार कुठे उघडं ठेवलंय तेही दिसायला लागतं. पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणून जे प्रकरण लिहावं लागतं, ते बरेच जण नावांची माळ म्हणून लिहितात. मला ते लिहिताना असं वाटत होतं की मी एका जुन्या संभाषणात उशिरा आले आहे आणि बोलायच्या आधी कोण काय म्हणून गेलंय ते विचारून घेते आहे.

लघुप्रबंधाचा निष्कर्ष छोटाच निघाला. माझ्या सात जणींच्या बोलण्यात ‘न’ सरसकट येत नव्हता. घरातल्या माणसाविषयी घरातल्याच माणसाशी बोलताना तो भरभरून होता. परक्याविषयी, किंवा परक्यासमोर, तो मागे हटत होता. याच्यापुढे मला जाता आलं नाही. सात जणी, सगळ्या साठीच्या पुढच्या, सगळ्या एकमेकींच्या ओळखीच्या. पुरुषांचं काय, तरुणांचं काय, नातवंडांशी बोलताना काय, मला माहीत नव्हतं. शेवटच्या प्रकरणात मी ते सगळं लिहिलं. मैत्रीण म्हणाली, तू तर तुझ्याच कामातली भोकं मोजून दाखवलीस. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बाकी पानं भराभर उलटली आणि त्या तीन पानांवर अर्धा तास प्रश्न विचारले. निघताना म्हणाल्या, “हा तुमचा पीएचडीचा प्रस्ताव आहे, फक्त शीर्षक बदला.”

खरोखर तेच झालं. वर्षभरानं अर्ज केला तेव्हा प्रस्तावाचा गाभा त्या तीन पानांतून उचलला. मार्गदर्शक निवडताना मी एकच गोष्ट पाहिली: त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत ‘आम्हाला हे कळलं नाही’ असं वाक्य सापडतं का. नामवंत असणं, प्रकाशनांची संख्या, हे सगळं नंतर. हा निकष कुणाला बाळबोध वाटेल. मला तो अजून बदलावासा वाटत नाही.

प्रस्ताव लिहायला बसले तेव्हा पहिलं उदाहरण कोणतं द्यायचं यावर अडले. ते पुसून टाकलेलं वाक्य मला शब्दशः पाठ होतं, आजही आहे, पण ते माझं नव्हतं. शेवटी वहीतलं पहिल्या सत्रातलं वाक्य घेतलं. उदाहरण क्रमांक १: ‘त्यानं गोष्ट सांगितलीन’. त्याखाली ग्लॉस. त्याखाली बोलणाऱ्याचं वय, बोली, आणि कोणाशी बोलताना.

मुलाखत झाल्यावर आजींना फोन केला. त्यांना तारीख लक्षात होती. मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत पलीकडून आवाज आला, “काय गो, त्या बाईनं काय विचारलंन मग?”